पोटरीतला गोळा आणि राजाची अंगठी

मंडळी, या मालिकेत तह, मोहिमा आणि सनावळ्या पुष्कळ झाल्या. आज रात्री तीनच्या सुमारास पोटरीत येणाऱ्या गोळ्याविषयी लिहितो आहे.

माझ्या आजीचे गुडघे कित्येक वर्षे दुखतात आणि रात्री पायात गोळे येतात. तिचा उपाय ठरलेला. तळपायाला तूप लावायचे आणि काशाच्या वाटीने घासत राहायचे. घासता घासता तळपाय काळा पडतो. अंगातली उष्णता उतरली, असे ती म्हणते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी, चार पुस्तके वाचल्याच्या तोऱ्यात, मी तिला समजावले की तो काळेपणा उष्णतेचा नसून वाटीचा आहे. कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. घर्षणाने तो झिजतो, तुपातील आम्लांशी त्याची क्रिया होते आणि काळपट लेप तयार होतो. माझे म्हणणे चूक नव्हते. आजीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्या दिवसापासून मला वाटी घासायला सांगणे बंद केले.

पुढे मध्ययुगीन राजसत्तेचा अभ्यास करताना मार्क ब्लॉक यांचा राजांच्या रोगहारक स्पर्शाविषयीचा १९२४ सालचा ग्रंथ वाचला. त्यात पेटक्यांवरच्या अंगठ्यांचे प्रकरण आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडचा राजा गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसापुढे सोन्याचांदीची नाणी अर्पण करी. मग तेवढ्याच मोलाचे दुसरे द्रव्य ठेवून ती नाणी सोडवून घेत आणि त्यांच्या अंगठ्या घडवीत. पुढे नाण्यांचा हा व्यवहार मागे पडला. अंगठ्या आधीच घडवून आणल्या जाऊ लागल्या आणि राजा प्रार्थना म्हणत त्या हातांनी चोळून देऊ लागला. पेटके आणि अपस्मार या दोहोंवर त्या गुणकारी मानल्या जात. परदेशातही त्यांना मागणी होती. १५१८ मध्ये स्पेनमधील इंग्रज वकील लॉर्ड बर्नर्स याने सारागोसाहून कार्डिनल वूल्झी याला पत्र लिहून अशा अंगठ्या मागवल्या होत्या. १५५६ मध्ये राणी मेरी सोन्याच्या तबकांतल्या अंगठ्या मुठीमुठीने उचलून या हातातून त्या हातात घेत असल्याचे वर्णन एका इटालियन प्रेक्षकाने लिहून ठेवले आहे.

मेरीनंतर एलिझाबेथ गादीवर आली आणि हा विधी संपला. धर्मसुधारणेच्या दृष्टीने मंत्रवलेली अंगठी म्हणजे जुन्या पंथाचे खूळ. पण गंडमाळेच्या रोग्यांना हस्तस्पर्श करण्याचा राजविधी मात्र तिने चालू ठेवला. कोणता चमत्कार ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे राजकारणाने ठरवले. पोटरीला कोणी विचारले नाही. पोटरी आपली दुखतच होती. मग लोकांनी शवपेटीच्या जुन्या बिजागऱ्यांपासून अंगठ्या घडवल्या आणि त्या बोटांत घातल्या.

या सगळ्याने गुण येई का? पायातला गोळा बहुधा काही मिनिटांत आपोआप सुटतो, त्यामुळे त्या क्षणी जे हाताशी असेल त्याच्या पदरात यश पडते. याची सर्वांत प्रामाणिक कबुली मला सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत सापडली. १६६४ च्या अखेरच्या दिवशी तो स्वतःची प्रकृती उत्तम असल्याचे लिहितो. पण हे श्रेय जवळ बाळगलेल्या सशाच्या पायाचे, रोज सकाळी घेतलेल्या टर्पेंटाइनच्या गोळीचे, की झगा घालणे सोडल्याचे, हे त्याला उमगत नाही. त्याच नोंदीत त्याने पेटक्यांवरचा एक मंत्रही उतरवून ठेवला आहे. पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झालेला हा माणूस!

आणि आधुनिक औषध तरी निर्दोष होते असे नाही. विसाव्या शतकात पेटक्यांवर क्विनाइन देण्याची रूढी पडली. त्याने गोळे थोडे कमीही होत. पण रक्तातील प्लेटलेट्स घटणे, हृदयाची लय बिघडणे असे धोके दिसल्यावर १९९४ मध्ये अमेरिकेत पेटक्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवण्यात आली. वाटीने निदान असे काही होत नाही.

गेल्या हिवाळ्यात घरी गेलो असताना रात्री पाण्यासाठी उठलो, तर आजी अंधारात भिंतीला टेकून उभी होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

"हाक का नाही मारलीस?"

"तूच म्हणालास ना, वाटीत काही नसतं म्हणून."

मी वाटी आणि तूप घेऊन आलो. आधी पायाची बोटे हळूच नडगीच्या दिशेने ओढून धरली. ताठरलेला स्नायू सैल करण्याची ही रीत डॉक्टरही सांगतात. आजीला ती माझ्या आधीपासून ठाऊक होती, पण तिचे हात आता तिथवर पोहोचत नाहीत. गोळा सुटल्यावर तळपाय घासू लागलो आणि घासता घासता तिला राणी मेरीची गोष्ट सांगितली. तबकं, अंगठ्या, प्रार्थना, सगळे.

"एवढ्या अंगठ्या चोळत बसली?" आजी म्हणाली. "त्यापेक्षा एखादीचे पाय चोळले असते तर!"

आणि तिने दुसरा पाय पुढे केला.