ठिकाणाचं नाव

‘खऱ्या अर्थाने’, ‘निश्चितपणे’, ‘कुठेतरी असं वाटतं’ ही मंडळी मी अजून खपवून घेते. बँकेतून फोन करणारी मुलगी ‘मी आपली काय मदत करू शकते’ म्हणाली, तर ‘आपली नाही गं, आपल्याला’ एवढं सांगते आणि पुढचं बोलते. पण ‘या ठिकाणी’ कानावर पडलं की माझं डोकंच उठतं. पावसाळ्यात कुठलंही मराठी बातम्यांचं चॅनल लावा. ‘या ठिकाणी आपण पाहू शकता, या ठिकाणी पाणी जे आहे ते साचलेलं आहे आणि या ठिकाणची वाहतूक जी आहे ती पूर्णपणे ठप्प झालेली या ठिकाणी पाहायला मिळतेय.’ चार वेळा ठिकाण झालं. आता हे हिंदमाता, किंग्ज सर्कल की मिलन सबवे, ते तुम्ही ओळखा. कामावरून माणूस घरी यायचा असतो, त्याच्यासाठी ओळखावंच लागतं.

मी भायखळ्यात वाढले आणि महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे हे दोन शब्द मला जन्मभर पुरले आहेत. वाचायला शिकले ते पाट्यांवरून. ‘या ठिकाणी थुंकू नये.’ ‘या ठिकाणी वाहने उभी करू नयेत.’ त्या पाट्यांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पाटी ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीबद्दल बोलते. वाचणारा तिच्या पुढ्यात उभा असतो. ठिकाण कुठलं, हा प्रश्न तिथं येतच नाही.

भाषणातलं ‘या ठिकाणी’ मी पहिल्यांदा ऐकलं ते खटाव मिलच्या गेटवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि वडिलांची पाळी सुटली ती सुटलीच. ते साचेखात्यात होते. घरी बसून त्यांना करमायचं नाही, मग गेट मीटिंगला जाताना मला बरोबर न्यायचे. मोठे पुढारी कामगार मैदानावर बोलायचे. गेटवर बोलायचे ते आमच्याच चाळींतले लोक. एरवी घरात कोणी ‘हंय’ म्हणणारा, कोणी ‘हितं’ म्हणणारा. कणकवली, पाटण, आंबेगाव, जुन्नर. पण हातात माईक आला की सगळे एका सुरात सुरू व्हायचे, ‘या ठिकाणी जमलेल्या तमाम कामगार बंधूंनो...’

मला आज ते नीट कळतं. ज्यांच्या ‘हितं’ला शाळेत हसलं गेलं, ज्यांच्या मालवणीला साहेबाच्या केबिनबाहेर उभं केलं गेलं, त्यांनी चारचौघांत बोलायला एक धुतलेला, इस्त्रीचा शब्द शोधला होता. आणि तो त्यांच्या तोंडी शोभायचा, कारण म्हणताना ते बोट दाखवायचे. एक जण मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. उंचापुरा, बदली कामगार, पायात स्लीपर. ‘या ठिकाणी माझ्या बापाचं बोट गेलं,’ असं म्हणून त्यानं गेटच्या आत, खात्याच्या कौलांकडे हात केला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्या माना वळलेल्या बघितल्या आहेत म्हणून मी या शब्दांना सरसकट नावं ठेवू शकत नाही. बोलणारा, ऐकणारा आणि ती जागा एकाच उन्हात उभी होती.

तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलंच नाही. माणसं पांगली. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनी विकायचं दार उघडलं, आणि २००१च्या दुरुस्तीनं महापालिका आणि म्हाडाचा वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता ठेवला. शेड पाडून जी जागा मोकळी होते ती त्या हिशेबात धरायची नव्हती. कागदोपत्री गिरणीची ‘सदर मिळकत’ झाली. खटावच्या जमिनीवर आता उंच टॉवर आहेत आणि खालून जाताना त्या बदली कामगाराचं बोट नेमकं कुठल्या दिशेला होतं ते मला सांगता येत नाही.

शाळेत मी शिक्षिका म्हणून उभी राहिले तेव्हा हेच शब्द मुलांच्या तोंडून परत आले. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि या ठिकाणी जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हाला लोकमान्य टिळकांविषयी दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्याल अशी माझी नम्र विनंती.’ एका दमात, डोळे छताला लावून. १ ऑगस्टला टिळक, ६ डिसेंबरला बाबासाहेब, ३ जानेवारीला सावित्रीबाई; माणूस बदलला तरी आरंभ तोच. हे वाक्य मुलांना कोणी मुद्दाम शिकवत नाही. मोठा भाऊ धाकट्याला देतो, पालक पाठ करून घेतात. घाबरलेल्या मुलाला तो कठडा असतो, आणि कठडा काढून घेणाऱ्यांतली मी नव्हे. माझा हट्ट एवढाच असायचा की पहिलं वाक्य झालं की दुसऱ्या वाक्यात एक तरी गाव, एक तरी रस्ता, एक तरी तारीख आली पाहिजे. टिळक कुठे गेले? तुरुंगात. कुठल्या? मंडालेच्या. ते कुठे आहे? नकाशा काढ. ‘ब्रह्मदेश’ शब्द फळ्यावर आला की मुलं छताकडे बघायची थांबत.

भायखळ्यात मराठी शिकवणाऱ्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे राणीबाग. १९७५मध्ये नाव बदललेलं आणि १८७२मध्ये उघडलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात. पेंग्विन २०१७मध्ये लोकांना बघायला खुले झाल्यापासून मुलं धावत तिकडे जातात. मी मात्र त्यांना आधी दोन प्राणी दाखवायची, ज्यांना खायला लागत नाही. संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथं आणले आणि १९१४मध्ये पुन्हा जोडून उभे केले. दुसरा प्राणी घोडा. सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा घोड्यावरचा पुतळा १८७९मध्ये फोर्टात बसला. काळ्या पडलेल्या ब्राँझमुळे लोक त्या चौकालाच काळा घोडा म्हणू लागले. १९६५मध्ये तो तिथून हलवून राणीबागेत आणला.

म्हणजे हत्ती आमच्याकडे आणि एलिफंटा तिकडे. घोडा आमच्याकडे आणि काळा घोडा फोर्टात. मुलांना याची गंमत वाटायची, मला मात्र दरवेळी भरून यायचं. ज्या वस्तूवरून नाव पडलं ती उचलून नेली तरी लोकांनी नाव सोडलं नाही. पन्नास वर्षं काळा घोडा चौकात घोडाच नव्हता, २०१७मध्ये नवा उभा केला, पण त्या सगळ्या काळात कोणी ‘त्या ठिकाणी उतरतो’ म्हणालं नाही. बसच्या कंडक्टरचं मराठी मला म्हणूनच फार आवडतं. ‘भायखळा, राणीबाग, लालबाग, भारतमाता, परळ, हिंदमाता’ असा तो ओरडत जातो. क्रियापद नाही, विशेषण नाही, आणि एकही उतारू चुकीच्या जागी उतरत नाही. थिएटर चालो न चालो, हिंदमाताचा थांबा त्यानं कधी गाळला नाही.

या गावाला नावांची एवढी श्रीमंती असताना २००७च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या सुरू झाल्या आणि ‘या ठिकाणी’ घराघरांत शिरलं. कॅमेऱ्यासमोरची मुलं मेहनती आहेत, चिखलात, लाठीमारात उभी राहतात. त्यांना तीन मिनिटं न थांबता बोलायचं असतं, माहिती हातात यायची असते, तोवर जीभ चालू ठेवायला असे शब्द लागतात. कळतं मला. पण किंमत कोण मोजतो ते मी पाहिलं आहे.

२७ सप्टेंबर २०१३च्या सकाळी डॉकयार्ड रोडला इमारत पडली. आमच्यापासून फार लांब नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहत होती तिथं. टीव्हीवर ढिगारा, दोर, जेसीबी आणि अखंड ‘या ठिकाणी बचावकार्य जे आहे ते या ठिकाणी युद्धपातळीवर सुरू असल्याचं पाहायला मिळतंय’. सात-आठ मिनिटांत गावाहून आत्याचा फोन. तिचा आवाज कापत होता. ‘गे बाय, टीव्हीर दाखयतत ती बिल्डिंग तुमच्याच थंयची काय?’ महापालिकेची म्हणताहेत, भायखळ्याजवळ म्हणताहेत, आणि मी महापालिकेच्या शाळेत. तिला फोन लागला. ज्यांना लागला नाही त्यांचं काय झालं असेल! गावागावांत त्या सकाळी लोक पडद्याला डोळे लावून एका नावाची वाट बघत होते. त्या इमारतीला नाव होतं, बाबू गेनू मंडई. १२ डिसेंबर १९३०ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे काळबादेवीत आडवा झालेला गिरणी कामगार बाबू गेनू, त्याचं नाव. एकसष्ट माणसं गेली त्या ढिगाऱ्याखाली. निदान दर दोन वाक्यांनी ते नाव घ्यायला हवं होतं. तिथं ‘ठिकाण’ म्हणणं मला आजही क्षम्य वाटत नाही.

आता आमच्या चाळीचा पुनर्विकास निघाला आहे. अलीकडेच तळमजल्यावर सभा झाली. बिल्डरकडून आलेला मुलगा सभ्य होता, लॅपटॉप लावून बोलत होता. ‘या ठिकाणी आपला टॉवर जो आहे तो उभा राहणार आहे आणि तोपर्यंत त्या ठिकाणी आपल्या सर्वांची पर्यायी व्यवस्था जी आहे ती करण्यात येईल.’ लोक माना हलवत होते. शेजारच्या काकी, ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीतून उठल्या नाहीत, फक्त हात वर केला.

‘त्या ठिकाणी म्हंजे खंय? नाव सांग.’

तो म्हणाला, तसं अजून फायनल नाही. काकी म्हणाल्या, नसूदे फायनल, मनात काय आहे ते सांग. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘कांजूरमार्ग. पूर्वेला.’

मग सभेला कंठ फुटला. स्टेशनपासून किती चालायचं? रिक्षा मिळते का रात्रीची? आमच्या ह्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस नायरला असतं, सकाळी सातला पोचायचं कसं? माझा भाजीचा माल पहाटे चारला भायखळा मार्केटला उतरतो, त्या वेळी लोकल आहे का? दहावीतल्या पोरीनं शाळा मध्येच बदलायची का? रेशनकार्डावरचा पत्ता कोण बदलून देणार? त्या मुलानं लॅपटॉप बाजूला सारला आणि वही मागून घेतली, कारण प्रश्न उतरवून घ्यायला त्याच्याकडे कागद नव्हता. काकींनी शेवटी विचारलं, परत कधी आणणार आम्हाला. ‘साधारणपणे त्या कालावधीमध्ये...’ अशी त्यानं सुरुवात केली, तेवढ्यात मागच्या रांगेतून तीन-चार बायका एकदम म्हणाल्या, ‘तारीख सांगा, तारीख!’