साहेबी मेजावरची पंगत

वऱ्हाडांत वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं अमरावती-अकोल्याकडील मंडळींस चिखलदऱ्याची आठवण होते. १११८ मीटर उंचीवरील हें ठिकाण १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रजी फौजेंतील अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें. त्यापूर्वीं वीस वर्षें, १५ डिसेंबर १८०३ रोजीं, शेजारच्या गाविलगडाच्या आंतल्या तटावर शिड्या लावून चढलेला कॅप्टन कॅम्पबेल हा ‘स्कॉच ब्रिगेड’ म्हणविणाऱ्या पलटणींतला. तेव्हां येथील साहेबी थाटांत स्कॉटलंडचा अंश शोधणें अगदींच अप्रस्तुत नव्हे. तिकडील जमीनदारांच्या कित्येक जुन्या वाड्यांचीं आतां अतिथिगृहें झालीं आहेत. इन्व्हरलॉकीच्या वाड्यांत १८७३ सालीं व्हिक्टोरिया राणी उतरली होती. १९६९ पासून तेथें पैसे मोजून कोणींहि उतरावें. आधीं दिवाणखान्यांत शेकोटीपाशीं बसावयाचें, वर्दी आली म्हणजे मेजावर जावयाचें, आणि एकेक पदार्थ येईल तसा संथपणें खावयाचा, अशी त्या वाड्यांची रीत.

चिखलदऱ्यास एका जुन्या कौलारू बंगल्यांत आम्हीं हीच रीत लहान प्रमाणावर अनुभविली. शेकोटीचा कोनाडा मात्र मे महिना असल्यामुळें थंड होता. तिघां भावांचीं बिऱ्हाडें मिळून आम्ही अकरा माणसें होतों. अकोल्याचा वाडा विकून चुली वेगळ्या झाल्यास आठ वर्षें लोटलीं. वाटणीपासून दादा व धाकटा यांच्यांत बोलणेंहि बेताचेंच. मुलांच्या हट्टामुळें हा प्रवास घडला.

वाड्यांतली पंगत आम्हांस चांगली आठवते. पुरुष व मुलें आधीं. वाढणाऱ्या बायका मागाहून, उरल्यासुरल्या भाजीवर. थोरल्या वहिनींचा जन्म त्या वाढण्यांत गेला. येथें वाढप्यानें सुपाची पहिली बशी ठेवली ती त्यांच्यापुढें! वयानें वडील असलेल्या स्त्रीला प्रथम, ही साहेबाची शिस्त. वहिनी उठून त्याच्या हातचें भांडें घेऊं लागल्या, तेव्हां दादा म्हणाले, “बैस. आज तूं आधीं जेव.” हें वाक्य त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें. वहिनी बसल्या खऱ्या, पण सर्वांच्या बशा भरेपर्यंत त्यांनीं चमचा उचलला नाहीं.

पाकाविषयीं फारसें न बोललेलें बरें. सूप पातळ, भाज्या नुसत्या उकडलेल्या. पुडिंग तेवढें साजरें. वऱ्हाडी जिभेला हें मानवेना. धाकटीनें पिशवींतून जवसाच्या चटणीची बाटली काढली आणि ती हातोहात फिरूं लागली. वाढपी गालांत हंसला. बाटली दादांपाशीं आली तेव्हां मेजावर एकदम शांतता झाली. त्यांनीं चिमूटभर घेतली. मग पुन्हां घेतली.

“जवस कुठला?” धाकट्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें.

“आपल्याच शेतांतला.”

“आईची चटणी अशीच असे.”

मागून कॉफी आली. वहिनी ती बशींत ओतून प्याल्या. निघतांना बाटली दादांच्या पिशवींत गेली. धाकटीनें ती परत मागितली नाहीं.