कल्याणचा बिशप, राशोलचे पुराण

भिवंडी

चि. भाच्यास,

तुझे तिकडचे वसईकर स्नेही ख्रिस्ती असूनही लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा देशी रिवाज पाळतात याचे तुला जे नवल वाटले, त्याचा उलगडा करू गेले असता फिरंगी अंमलाच्याही पुष्कळ मागे, आपल्या शेजारच्या कल्याणास जावे लागते. इ. स. 550 च्या सुमारास कॉस्मास नामक अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने नमूद केले आहे की, या बंदरातून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड परमुलखी जाते, व येथील ख्रिस्ती मंडळींवर इराणातून नेमलेला बिशप आहे. (कापडाचा वारसा आमच्या मागवाल्या भिवंडीने चालविला, एवढा अभिमान मला बाळगू दे.) परंतु चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओदोरिक हा इटालियन साधू ठाण्यास उतरला तेव्हा त्याला नेस्टोरियन, म्हणजे त्याच इराणी पंथाच्या, ख्रिस्त्यांची घरे आढळली ती अवघी पंधरा. प्रार्थना सिरियाक, बिशप इराणी. या मुलखाच्या ओठांवर बसेल असे त्यांचे एकही गीत आपल्यापर्यंत आलेले नाही, आणि माझ्या मते त्यांची मुळे उथळ राहिली ती यामुळेच.

गोव्यात निराळे घडले. 1579 साली तेथे आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ज्या फिरंगी (पोर्तुगीज) राजवटीच्या आश्रयाने राहिला, तिनेच गोव्याच्या साष्टीतील देवळे पाडली आणि पोथ्या जप्त केल्या होत्या. अशा वेळी, जुनी पुराणे आपण बंद केलीत तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असा बिनतोड प्रश्न एक नवख्रिस्ती पाद्रीगुरूंना करतो, असा प्रसंग त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात घातला आहे. त्याचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’, ज्यात ख्रिस्तचरित्र ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात, स्वर्गाला वैकुंठ म्हणत, खास मराठी थाटाने अवतरते. तुझ्या वसईकर स्नेह्यांतही हीच रीत दिसते: मूर्तिपूजा वर्ज्य, छंद, मंडप, उंबराचे पाणी मात्र घरचे. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते, मात्र ती जुलमाच्या सावलीत झाली हे विसरू नकोस.

हे पुराण 1616 साली साष्टीतील राशोल येथे, व पुढे 1649 आणि 1654 साली, असे तीनदा छापले गेले. पुढे 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत टाकून देण्याचे फर्मान काढले. तथापि भाविकांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्याच आधारे 1907 साली मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापून निघाला.

कळावे,
तुझा मामा