खुन्या, डुल्या आणि कंपनी

तुमच्या ऑफिसात एखादा पक्या असणारच. एचआरच्या फाइलमध्ये तो प्रकाश, व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर कन्सल्टंट', पण कॅन्टीनमध्ये फक्त पक्या. आता हा शेवटचा 'या' भलताच पॉवरफुल आहे बरं का! तो कुणीही कुणालाही लावू शकत नाही. बॉसचं नाव दिनकर असेल तर मीटिंगमध्ये "अरे दिन्या" म्हणून बघा! 'या' लावायला सलगी लागते.

पुणेकरांची डेअरिंग अशी, की त्यांनी तो चक्क देवांना लावला. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर... नवख्या माणसाला वाटतं, चेष्टा चाललीय. पण राव, हे पत्ते आहेत! गल्लोगल्ली मारुती असलेल्या शहरात नुसतं "मारुतीपाशी भेटू" म्हणून कसं चालेल?

येत्या रविवारी सकाळी गाडी घरी ठेवा आणि पेठांतून पायी फिरा. सुरुवात सदाशिव पेठेतून. खुन्या मुरलीधराचं देऊळ पेशवाईच्या उत्तरार्धात गद्रे सावकारांनी बांधलं. देवळापाशी चकमक झाली, त्यात माणसं मेली, म्हणून हे नाव, असं सांगतात. खून माणसांनी केले, नाव पडलं बासरीवाल्याला! याच पेठेत उपाशी विठोबा आहे. उपास भक्ताचा, नाव देवाचं. भिकारदास मारुतीचा मात्र भिकेशी काही संबंध नाही. भिकारदास हे एका सावकाराचं नाव.

तिथून तुळशीबागेकडे या. तिथे जवळच जिलब्या मारुती आहे. शेजारच्या हलवायाच्या जिलब्यांवरून हे नाव पडलं म्हणतात. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपती. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी, पण आज "दगडूशेठला जाऊन येतो" म्हटलं की डोळ्यांपुढे गणपतीच येतो. पुढे पासोड्या विठोबा. पासोडी म्हणजे जाड पांघरूण. त्याचा बाजार इथे भरायचा. आज दुकानात पासोडी मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. बाजार उठला, नाव राहिलं.

गणेश पेठेतला डुल्या मारुती 1761 मध्ये पानिपतच्या पराभवाच्या वेळी डोलला, अशी आख्यायिका. नाना पेठेतल्या विठोबाची मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून तो निवडुंग्या. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात इथेच मुक्कामाला असते.

गंमत बघा, ही नावं ठेवायला कुठली कमिटी बसली नव्हती. कुणीतरी कुणाला तरी पत्ता सांगितला, दुसऱ्याने तो तिसऱ्याला सांगितला, बस्स! हलवाई, पांघरुणं विकणारे, सावकार यांचा इतिहास कुठल्या पाटीवर नसेल, पण देवाच्या टोपणनावात तो आयता जपला गेलाय.

आता आपल्याकडे या. वाकड, हिंजवडी, खराडी. देवळं इथेही आहेत, पण पत्ता तोंडाने सांगतो कोण? लोकेशन पाठवलं की काम झालं. सोसायटीत तीन-तीन वर्षं राहूनही वॉचमनसाठी आपण 'बी सातशे चार'च असतो. गावातला किंवा हॉस्टेलवरचा पक्या फोनवरच्या मित्रांपुरता उरतो. जागेला काय, माणसाला काय, टोपणनाव पडायला कुणीतरी रोज हाक मारावी लागते. जिथे ती पडत नाही, तिथे आपण राहतो खरे, पण तिथले होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पार्सलवाल्याचा फोन आला की मोबाइलवरचा पिन राहू दे बाजूला. सांगा, "कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे ना, त्याच्या शेजारच्या गणपतीपाशी ये." दहा जणांनी दहा वेळा सांगितलं की तो इस्त्र्या गणपती झालाच म्हणून समजा. शंभर वर्षांनी इस्त्री म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगावं लागेल कदाचित. इस्त्र्या गणपती मात्र सगळ्यांना ठाऊक असेल!