लाखाची गोष्ट, दहा लाखांचा पेच

१/ पलूस तालुक्यातील कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. गदिमांचे शालेय शिक्षण काही काळ याच गावी झाले. पुढे त्यांनी पटकथा लिहिलेला, राजा परांजपे दिग्दर्शित ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) गाजला. त्यातील पेच असा : लाख रुपये ठरल्या मुदतीत खर्चून दाखवायचे.

२/ असाच पेच जॉर्ज बार मकचन यांच्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ (१९०२) या अमेरिकन कादंबरीत आहे. तिच्यावर अनेक चित्रपट निघाले. त्यांपैकी ॲलन ड्वान यांचा १९४५ चा चित्रपट आज विस्मृतीत गेला आहे. त्यात युद्धावरून परतलेल्या सैनिकाला दोन महिन्यांत दहा लाख डॉलर संपवायचे असतात. तरच उरलेला वारसा मिळणार.

३/ या निरुपद्रवी विनोदपटावर मेम्फिस शहराच्या सेन्सॉरने बंदी घातली. एडी अँडरसन या कृष्णवर्णीय नटाने रंगवलेला नोकर गोऱ्यांशी फार बरोबरीने वागतो, हा आक्षेप होता. वंशश्रेष्ठतेचा दंभ मिरवणाऱ्या नाझी राजवटीचा त्याच वर्षी पाडाव करणाऱ्या देशातली ही घटना.

४/ जुने विसरलेले चित्रपट शोधून पाहावेत ते यासाठी. त्यांतला विनोद शिळा होतो. पण कोणाचे कोणाशी बरोबरीने हसणे समाजाला खुपत होते, याची नोंद त्यांत टिकून राहते.