सोपोच्या पावत्या

आमच्या आजीजवळ पत्र्याचा एक जुना डबा आहे. त्यात दागिने नाहीत, जुनी नाणी नाहीत. आहेत त्या डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातील सोपोच्या पावत्या. बाजारात जागा धरून बसणाऱ्या विक्रेत्याकडून जो लहानसा कर घेतला जातो, त्यास आम्ही गोव्यात सोपो म्हणतो. परसातील तांबडी भाजी, मुळे, नारळ आणि सोले घेऊन आजी दर बुधवारी बाजारात बसे आणि मिळालेली पावती जपून घरी आणी. "या कागदांचे तुला एवढे काय?" असे मी विचारी, तेव्हा ती नुसती हसे.

त्या डब्यातील एका पावतीवर ११ मार्च २०२० ही तारीख आहे. योगायोग असा की, कोविडची साथ ही जागतिक महामारी आहे असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच दिवशी जाहीर केले. त्यानंतर कित्येक महिन्यांची एकही पावती डब्यात नाही.

मी तेव्हा पाचवीत होतो. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. गोव्यात तर पहिले काही दिवस किराण्याची दुकानेही बंद होती. पत्रादेवी आणि दोडामार्ग येथील नाक्यांवर वाहने अडली. माझे मामा पेडण्यास राहतात. गुरुवारच्या बाजारावर त्यांचा चहाचा गाडा चाले. तोही थांबला.

आमच्या घरावर मात्र हा दुसरा आघात होता. बाबा खनिजाचा ट्रक चालवीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्टे रद्द ठरविले, १६ मार्चपासून खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. मग बाबा कळंगुटला पर्यटकांची गाडी चालवू लागले. आता पर्यटकही येईनासे झाले. दोन वर्षांत दोन उद्योग मिटलेले मी एकाच घरात बसून पाहिले.

या शांततेत सकाळी एकच आवाज नियमाने येई. तो म्हणजे कचरा नेणाऱ्या कामगाराच्या शिटीचा. आम्ही दाराआडून डबा पुढे सरकवीत असू आणि तो माणूस तोंडाला फडके बांधून शेकडो घरांचे डबे हाताळी. रस्त्यांवर औषधाची फवारणी होई, गटारे साफ होत, रात्री दिवे लागत.

अशात घरपट्टी भरण्याची वेळ आली. बाबा म्हणाले, "आये, यंदा राहू दे. आधी ट्रकचा हप्ता. सारेच लोक थांबले आहेत; एक आपण न भरल्याने काय बिघडणार आहे?"

आजीने डबा उघडला. पावत्यांच्या खाली तिने बाजाराचे पैसे ठेवले होते. ती म्हणाली, "बाजार बंद, तर माझा सोपो बंद. दुकाने बंद, तर त्यांच्या परवान्यांचे पैसे कुठून येणार? आणि घरपट्टीही कुणी भरली नाही, तर तो शिटी वाजवणारा मुलगा काय खाणार?"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांचेही चुकले होते असे मला वाटत नाही. ज्याच्या घरी चुलीची चिंता आहे, त्यास कराची शिकवण देणे सोपे नव्हे. शेवटी आजीच्या पैशांतून निम्मी घरपट्टी भरली. उरलेली बाबांनी काम मिळाल्यावर पुढच्या वर्षी भरली.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. साथीच्या काळात नगरपालिकेचे उत्पन्न आटते आणि काम मात्र वाढते. घरातील चूल आपण काटकसरीने चालवू शकतो. पण कचरा आठवड्यातून एकदाच उचलून काटकसर करता येत नाही. राज्याकडे हात पसरावा, तर त्या वर्षी वस्तू व सेवा कराच्या भरपाईवरून केंद्र आणि राज्ये यांच्यातच वाद चालला होता. दूषित पाणी आणि वारंवार येणाऱ्या साथी यांनी जुने गोवे हे वैभवशाली शहर ओसाड झाले आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली, हे आम्ही इतिहासात शिकतो. शहर केवळ तटबंदीने राखले जात नाही. ते स्वच्छ पाण्याने आणि झाडलेल्या रस्त्याने राखले जाते, आणि त्याचा खर्च कुणीतरी द्यावाच लागतो.

पेडणे व डिचोली येथील नगरपालिकांच्या निवडणुकाही महामारीमुळे लांबल्या. मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला आणि अखेर २० मार्च २०२१ रोजी मतदान झाले. आजी मुखपट्टी बांधून पहाटेच तयार झाली होती. "पैसे दिले आहेत, आता हिशेब विचारणारा माणूस निवडायला नको?" असे ती म्हणाली. कर देणे आणि जाब विचारणे या तिच्या लेखी एकाच कर्तव्याच्या दोन बाजू होत्या.

पुढे बाजार पुन्हा भरू लागला. पहिल्या बुधवारी मी आजीची पाटी उचलून तिच्याबरोबर गेलो. वसुली करणारा माणूस आला, तेव्हा आजीने पैसे माझ्या हातात दिले. मी ते दिले, पावती घेतली आणि घरी येऊन ती ११ मार्चच्या पावतीवर ठेवली. आजी या वेळीही नुसती हसली. पण आता त्या हसण्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.