गाण्याची कोठी

गाण्याचा संग्रह करणाऱ्याला पाहुणे हमखास विचारतात, "हे सगळे ऐकणार कधी?" आम्ही तो हिशेब केलेला आहे. आमच्या संग्रहात सुमारे ११,००० तासांचे गाणे आहे. रोज आठ तास ऐकले तर पावणेचार वर्षे पुरेल. त्यामुळे हा प्रश्न आम्हांला कधी टोचला नाही. टोचला तो दुसराच, आणि तो पाहुण्याने नव्हे, शेजाऱ्याने विचारला.

आम्ही तळवलीत राहतो. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे औद्योगिक वसाहत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भातखाचरांच्या जागी शहर उभे राहिले आणि गावठाणे तेवढी मधोमध उरली. आज ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांच्या प्रचंड इमारती दिसतात. जगाचा विदा सांभाळणाऱ्या त्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर आमचा संग्रह मात्र कपाटावर ठेवलेल्या एका जुन्या संगणकात नांदत होता.

गावठाणात आगरी लग्न म्हटले की हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात. पण लग्नाचे विधी धवलारीण धवले गाऊन पार पाडते, ही त्याहून फार जुनी रीत. शेजारच्या घरातील आजी धवलारीण होत्या. १९९८ साली त्यांच्या नातीच्या लग्नात आम्ही मांडवाच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसलो आणि २३ मिनिटांचा धवला कॅसेटवर घेतला. पुढे तो संगणकावर उतरवला. खाडीकाठच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लागली, तेव्हा निर्धास्तपणे ती टाकून दिली. मध्यंतरी आजी गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू एका संध्याकाळी आला. "काका, आजीचा धवला आहे ना तुमच्याकडे? ताईच्या मुलीचे लग्न ठरले आहे." ज्या नातीच्या मांडवात तो धवला गायला गेला, तिच्याच लेकीचे हे लग्न.

फाइल जागेवर होती. नाव तेच, आकार तोच, तारीखही तीच. आजींचा आवाज सुरू झाला, नातू सरसावून बसला, आणि चार मिनिटांनंतर एक कर्कश खरखर होऊन सारे शांत झाले. आम्ही घाईघाईने दुसऱ्या हार्ड डिस्कवरची राखीव प्रत काढली. तीही नेमकी तेथेच थांबली. नातू काही बोलला नाही. "असू दे काका, चार मिनिटे तर आहेत," एवढे म्हणून तो उठला.

दोष शोधायला आम्हांला आठवडा लागला. जुन्या संगणकाच्या मेमरीची एक पट्टी बिघडली होती. संग्रह नव्या डिस्कवर हलवताना मजकूर त्या पट्टीतून गेला आणि अधूनमधून बिघडून बाहेर पडला. राखीव प्रत आम्ही नियमाने अद्ययावत करत होतो, म्हणजे बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर नियमाने लिहीत होतो. गंमत अशी की आमचा संग्रह फ्लॅक या स्वरूपात आहे. ध्वनीचा कणही न गमावता जागा साधारण निम्मी करणारे हे स्वरूप प्रत्येक फाइलीत मूळ ध्वनीची एक गणिती खूणही जपून ठेवते. ती पडताळली असती तर बिघाड तत्काळ कळला असता. आम्ही ती कधी पडताळली नव्हती. त्या आठवड्यात पडताळली तेव्हा आणखी दहा फाइली नासलेल्या निघाल्या. त्या दहाही बाजारातील सीडींवरून उतरवलेल्या होत्या. सीडी पुन्हा संगणकात घातल्या आणि तासाभरात काम संपले. अकरावीसाठी कोणतेही दुकान नव्हते.

मग आम्ही नवा सर्व्हर घेण्यास निघालो. या विषयावर जी चर्चा कानी पडते, ती बहुतेक वेगाची असते. संगीतासाठी वेगाचा विचार जवळजवळ निरर्थक आहे. सीडीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या असा असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. फ्लॅकमध्ये हे आणखी कमी होते. दहा वर्षे जुना प्रोसेसरही एवढे काम डुलक्या घेत करील. जागेचाही बाऊ नको. एका तासाला सरासरी ३०० ते ३५० मेगाबाइट धरले तर आमचा संग्रह चार टेराबाइटच्या आत बसतो, आणि कॅसेटींवरून अधिक सूक्ष्मतेने उतरवलेला भाग धरूनही आठ टेराबाइटची एक डिस्क पुरते.

आमच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, तंबाखूच्या डबीएवढा रास्पबेरी पाय आणि त्याला बाहेरून जोडलेली डिस्क : स्वस्त, मूक, विजेला मितव्ययी. दुसरा, दोन डिस्कांची तयार पेटी, जिचे अंतरंग तिच्या निर्मात्यालाच ठाऊक. तिसरा, लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला छोटा सर्व्हर. आम्ही तिसरा घेतला तो एकाच गुणासाठी. त्याची मेमरी स्वतःची चूक ओळखणारी, ईसीसी जातीची होती. त्यात दोन डिस्का एकमेकींच्या प्रती म्हणून बसवल्या आणि त्यांवर सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस ही साठवणपद्धती घातली. साधी जोडडिस्क आरशासारखी असते. समोरची चूकही ती प्रामाणिकपणे दाखवते. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी ठेवते, वाचताना पडताळते आणि एक प्रत नासली तर दुसरीवरून दुरुस्त करते. दर महिन्याला सगळा संग्रह ती स्वतःशीच वाचून काढते. आमच्यापेक्षा तीच अधिक नेमाने आमचे गाणे ऐकते म्हणायचे!

यंत्र सुमारे ३० वॅट खाते, म्हणजे वर्षाला २६० युनिटांच्या आसपास. वीज अचानक जाऊ नये म्हणून यूपीएस जोडला. पंख्याची घरघर तानपुऱ्याशी भांडू लागली, तेव्हा ते ऐकण्याच्या खोलीतून हलवून बोळातल्या कपाटात ठेवले आणि कपाटाचे दार जाळीचे केले. खरेदीची कथा एवढीच.

पण हे सगळे करूनही मनाला स्वस्थता नव्हती. दोन डिस्का एकाच पेटीत, पेटी एकाच घरात. चोर, आग आणि २६ जुलै २००५ सारखा पाऊस यांना गणिती खुणा कळत नाहीत. शिवाय जे यंत्र आम्ही ११,००० तासांसाठी घेतले, त्यातील फार तर दीडशे तास असे आहेत की जे केवळ आमच्यापाशी आहेत : खाजगी मैफली, आप्तांचे आवाज, मांडवातली गाणी. उरलेले सगळे आम्ही उद्या गमावले तरी जगाचे काही जाणार नाही.

ज्या गवयाजवळ बंदिशींचा मोठा साठा असे, त्याला आपल्याकडे कोठीवाल म्हणत. कित्येक कोठीवालांनी आपली कोठी मुठीत ठेवली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. भातखंड्यांनी उस्तादांपुढे बसून जेवढ्या बंदिशी कागदावर उतरवल्या आणि छापल्या, तेवढ्या घरोघरी पोचल्या. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ पासून होत होते, तरी बुवांचा आवाज आपल्यापाशी नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यांत वाटले गेले म्हणून उरले. आणि केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती एका नव्हे, दोन तबकड्यांवर, दोन वेगळ्या यानांतून. 

म्हणून आम्ही तिसरी डिस्क घेतली आणि ती आजींच्या घरी नेऊन दिली. पाडव्याला आणि दसऱ्याला ती बदलायची, असे ठरले आहे. दीडशे तासांची एक वेगळी प्रत पेन ड्राइव्हवर करून ज्यांचे जे आवाज होते त्यांना त्यांचे पोचते केले. आजवर ते आम्ही 'आमचा संग्रह' म्हणून कपाटात ठेवले होते. त्या २३ मिनिटांची प्रत १९९८ सालीच त्या घरी दिली असती तर आज ती गावातल्या वीस फोनांत असती, आणि हा सर्व्हर आम्हांला कदाचित लागलाही नसता.

लग्न झाले. हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंती थोडा वेळ गप्प करून नातवाने ती चार मिनिटे लावली. खरखर सुरू होण्याआधी त्याने ती बरोबर थांबवली. पुढचे दोन-तीन चरण म्हाताऱ्या बायकांनी तोंडानेच म्हटले. त्यांना तेवढे आठवत होते. यंदा आम्ही टेपरेकॉर्डर नेला नव्हता, पण चार-पाच पोरांच्या हातांत फोन होते.